केवडा पडलेला ऊस आणि विझणारे कार्बन डॉट्स

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही सायट्रिक ॲसिड आणि युरिया मायक्रोवेव्हमध्ये तापवून कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे चमकणारे अतिसूक्ष्म कण, तयार केले. ३६५ नॅनोमीटरच्या टॉर्चखाली ते छान निळे चमकतात. त्यात फेरिक क्लोराइडचं द्रावण टाकलं की चमक कमी होते, ५० मायक्रोमोलरला निम्म्यावर येते. घरची शेती सांगली जिल्ह्यात, जमीन चुनखडीची, उसाच्या खोडव्याला दर वर्षी केवडा पडतो, म्हणजे लोह न मिळाल्याने पानं पिवळी पडतात. म्हणून तुम्ही विचारलंय, की या डॉट्सवरून शेतकऱ्याला बांधावरच लोह तपासता येईल असा संच करता येईल का, आणि पुढे जस्त, व्हिटॅमिन सी यांच्यासाठीही हेच तंत्र चालेल का.

आज हातात आहे त्यावरून संच होणार नाही. प्रकल्प मात्र चांगला होईल, आणि तुम्ही सुरुवात केवड्यापासून केलीत याचा मला मनापासून आनंद झाला. या विषयातली बरीच कामं चमकणाऱ्या द्रावणापासून सुरू होतात आणि मग त्या द्रावणासाठी काम शोधत फिरतात. तुमच्याकडे काम आधीपासून आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घरी एक प्रयोग करून बघा. टॉनिक वॉटर आणा, ग्लासात ओता, अंधारात तुमची टॉर्च मारा. (डोळ्यांवर चष्मा हवाच; ३६५ नॅनोमीटरचा प्रकाश फारसा दिसत नाही म्हणून निरुपद्रवी वाटतो, तसा तो नाही.) पाणी निळं चमकेल. ती चमक क्विनीनची. जॉन हर्शेलने ती १८४५ मध्ये नोंदवली आणि १८५२ मध्ये स्टोक्सने तिचं कारण उलगडून ‘फ्लुओरेसन्स’ हा शब्द दिला. आता त्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून ढवळा. चमक मंदावते. मिठातला क्लोराइड आयन क्विनीनच्या उत्तेजित रेणूवर आदळतो, आणि प्रकाश म्हणून बाहेर पडणारी ऊर्जा उष्णतेत जिरून जाते. म्हणूनच क्विनीनचं प्रमाण द्रावण सल्फ्युरिक ॲसिडमध्ये करतात, हायड्रोक्लोरिकमध्ये नाही.

म्हणजे टॉनिक वॉटर हा मिठाचा ‘सेन्सर’ झाला. पण त्यावरून आमटीतलं मीठ मोजता येईल का? आमटीत हळद आहे, ती स्वतःच चमकते. चिंच आहे, तिने पीएच बदलतो. रंग आहे, तो टॉर्चचा प्रकाश वाटेतच गिळतो. टॉनिक वॉटरला मीठ कळतं हे खरं, आमटीतलं मीठ कळत नाही हेही खरं. तुमचे डॉट्स आणि तुमच्या शेतातली माती यांच्यात नेमकं हेच अंतर आहे. माझं सगळं उत्तर या अंतराबद्दल आहे.

पहिला प्रश्न: चमकतंय ते नक्की काय? कार्बन डॉट्स सापडले तेच अपघाताने. २००४ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलायना विद्यापीठात कार्बन नॅनोट्यूब शुद्ध करताना एक चमकणारा अंश वेगळा निघाला. २००६ पासून ‘कार्बन डॉट’ हे नाव चालू झालं. स्वस्त कच्चा माल, पाण्यात विरघळणं आणि कॅडमियमचा धोका नसणं, या तीन गोष्टींमुळे ते सगळीकडे पसरले. (ज्यांच्यासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना मिळालं ते क्वांटम डॉट्स प्रकाशाच्या दृष्टीने कितीतरी सरस आहेत, पण त्यातले सर्वांत परिचित कॅडमियमचे. शेतात न्यायच्या संचात मी कॅडमियम घालणार नाही.) २०१३ मध्ये चीनच्या जिलिन विद्यापीठातल्या गटाने सायट्रिक ॲसिड आणि इथिलिनडायअमाइनपासून सुमारे ८० टक्के क्वांटम यील्डचे (शोषलेल्या प्रकाशकणांपैकी तितके चमक म्हणून परत देणारे) डॉट्स केले आणि सगळे थक्क झाले. दोन वर्षांतच कळलं, की त्या झगमगाटातला मोठा वाटा डॉट्सचा नसून तापवताना तयार होणाऱ्या एका साध्या लहान रेणूचा आहे. सायट्रिक ॲसिड आणि युरियातही असंच होतं. तिथे सिट्राझिनिक ॲसिडसारखे चमकणारे रेणू बनतात.

त्यामुळे डायलिसिस केल्याशिवाय पुढे जाऊ नका. एक किलोडाल्टनची नळी घ्या (तिच्या पडद्यातून लहान रेणू बाहेर जातात, मोठे कण आत राहतात), दोन दिवस ठेवा, बाहेरचं पाणी चार-सहा वेळा बदला आणि प्रत्येक वेळी बाहेरच्या पाण्यावर टॉर्च मारा. सगळी चमक बाहेरच आली तर तुमच्याकडे नॅनोकण नाहीत, एक रंगद्रव्य आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. मात्र त्याला डॉट म्हणून तुम्ही पृष्ठभागाच्या गप्पा मारू लागलात, तर पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहतं.

दुसरा प्रश्न: चमक का विझते? इथे थांबायला हवं, कारण बहुतेकांची घसरण इथेच होते.

क्विनीन आणि क्लोराइडचं उदाहरण घ्या. तिथे आदळून विझणं आहे. या प्रकाराला मर्यादा असते. पाण्यात दोन रेणू एकमेकांना गाठू शकतील त्या वेगाहून जास्त वेगाने विझणं शक्य नाही. तुमच्या डॉट्सचा उत्तेजित काळ, म्हणजे प्रकाश शोषल्यापासून चमकेपर्यंतचा सरासरी काळ, १० नॅनोसेकंद धरला, तर निव्वळ आदळण्याने चमक निम्मी करायला लिटरमागे साधारण १० मिलिमोल विझवणारा पदार्थ लागतो. तुमच्याकडे ती ५० मायक्रोमोलरलाच निम्मी झाली, म्हणजे दोनशेपट कमी प्रमाणात. याचा अर्थ लोह येऊन आदळत नाहीये. मग उरतात चार शक्यता, आणि त्या तुम्हाला एकेक करून तपासाव्या लागतील.

एक, लोह डॉटच्या पृष्ठभागावरच्या कार्बोक्सिल आणि हायड्रॉक्सिल गटांना चिकटून बसतं आणि इलेक्ट्रॉन तिकडे पळतो. बहुतेक लेखांत हेच स्पष्टीकरण दिलेलं असतं, आणि काही वेळा ते खरंही असतं. दोन, फेरिक क्लोराइड पिवळं असतं, ते ३०० ते ४०० नॅनोमीटरचा प्रकाश स्वतःच शोषतं. टॉर्चचा प्रकाश डॉटपर्यंत पोहोचतच नाही. डॉट ठणठणीत असतो, त्याच्यापुढे फक्त पडदा आलेला असतो. तुम्ही मालिका ५०० मायक्रोमोलरपर्यंत नेली असेल तर वरच्या टोकाला या पडद्याचा वाटा मोठा असणार. तीन, फेरिक क्लोराइड पाण्यात आम्ल सोडतं. तुम्ही बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) वापरला नसेल तर कदाचित तुम्ही लोह मोजत नाही आहात, पीएच मोजताय. चार, लोहामुळे डॉट्स एकत्र गोळा होऊन खाली बसतात.

पडदा ओळखायची सोपी युक्ती आहे. त्याच द्रावणांचं शोषण साध्या यूव्ही-व्हिजिबल यंत्रावर मोजा. उत्तेजनाच्या तरंगलांबीला ते ०.१ पेक्षा कमी असेल तर चूक दहा-बारा टक्क्यांच्या आत राहते. जास्त असेल तर सुधारणा करावीच लागते. सुधारणा अशी: उत्तेजन आणि उत्सर्जन या दोन्ही तरंगलांबींच्या शोषणांची बेरीज करून निम्मी करा, दहाचा तेवढा घात काढा आणि वाचलेली चमक त्याने गुणा. दुसरी युक्ती मला जास्त आवडते, कारण तिला गणित लागत नाही. तेच द्रावण १० मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक चौकोनी नळीत) आणि मग अरुंद क्युव्हेटमध्ये मोजा. खरं विझणं क्युव्हेट बदलल्याने बदलत नाही, पडदा मात्र लगेच पातळ होतो. आणि आयआयटी मुंबई किंवा आयसर पुणे अशा ठिकाणी उत्तेजित काळ मोजून मिळाला तर उत्तम. चमक निम्मी झाली आणि काळ तेवढाच राहिला, तर आदळण्याचं कारण पक्कं बाद.

पीएचची गोष्ट लोहाच्या बाबतीत आणखी खोल जाते. तुमची जमीन चुनखडीची, पीएच आठच्या आसपास. फेरिक लोह तिथे सुटं राहूच शकत नाही, ते हायड्रॉक्साइड होऊन बसतं. पीएच ७ लासुद्धा सुट्या फेरिक आयनाचं प्रमाण लिटरमागे मोलच्या १० चा उणे १८ वा घात इतकं नगण्य असतं. म्हणून ‘पीएच ७ च्या बफरमध्ये ५० मायक्रोमोलर फेरिक आयन’ असं वाक्य वाचलं की मी पेन्सिलने खूण करते. त्या क्युव्हेटमध्ये सुटे आयन नसतात, गंजाचे अतिसूक्ष्म कण असतात, आणि ते प्रकाश विखुरतात. केवड्याचं मूळही हेच आहे. मातीत लोह भरपूर असतं, पण मुळाला मिळेल अशा रूपात नसतं. आपल्याकडे हिराकस (फेरस सल्फेट) शेणखतात मुरवून द्यायला सांगतात ते यासाठीच. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाला धरून ठेवतात, चुन्याच्या तावडीत जाऊ देत नाहीत.

माती परीक्षण प्रयोगशाळा हेच काम डीटीपीए नावाच्या रसायनाकडून करून घेते. लिंडसे आणि नॉर्व्हेल यांची ही पद्धत १९७८ ची. १० ग्रॅम माती, २० मिलिलिटर द्रावण, पीएच ७.३, दोन तास हलवायचं, गाळायचं आणि ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन या धातू मोजणाऱ्या यंत्रावर मोजायचं. लोहाची मर्यादा किलोमागे ४.५ मिलिग्रॅम, त्याखाली कमतरता समजतात. जस्ताची ०.६.

आता तुमचे डॉट्स या गाळलेल्या द्रावणात टाका. काहीच होणार नाही. लोह तिथे आहे, पण डीटीपीएच्या मिठीत आहे, आणि ती मिठी इतकी घट्ट की तिचा स्थिरांक एकावर अठ्ठावीस शून्यं असा लिहावा लागतो. तुमच्या डॉटवरचे चार कार्बोक्सिल गट तिच्यातून लोह सोडवू शकत नाहीत. मातीतून लोह बाहेर काढण्यासाठी जे वापरतो, तेच लोह सेन्सरपासून लपवतं. या विषयावरचे लेख वाचताना मला याचं सतत वाईट वाटतं. ‘खऱ्या नमुन्यात चाचणी’ या भागात बहुधा नळाचं पाणी असतं, माती क्वचितच असते, आणि असली तरी ती कशाने ढवळली ते नीट सांगितलेलं नसतं.

आणखी एक हिशेब करा, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. किलोमागे ४.५ मिलिग्रॅम म्हणजे, मातीच्या दुप्पट द्रावण घेतल्यामुळे, लिटरमागे २.२५ मिलिग्रॅम. लोहाचा अणुभार ५५.८५. म्हणजे तुम्हाला ज्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे ओळखायचंय ती रेषा सुमारे ४० मायक्रोमोलरला आहे. ‘आमचा सेन्सर नॅनोमोलर ओळखतो’ याचा इथे काडीचा उपयोग नाही. ४० मायक्रोमोलर लोह फेनॅन्थ्रोलिन या रसायनाच्या जुन्या नारिंगी-लाल रंगाने ५१० नॅनोमीटरला ०.४४ इतकं शोषण देतं. साध्या कलरिमीटरवर आरामात वाचता येईल इतकं. लोहाचं हायड्रॉक्सिलअमाइनने फेरसमध्ये (फेरिकपेक्षा एक इलेक्ट्रॉन जास्त असलेल्या रूपात) रूपांतर केलं की डीटीपीएची पकडही कितीतरी ढिली होते. तुमच्या प्रकल्पात ही रंगाची पद्धत डॉट्सच्या शेजारी ठेवाच. नवी पद्धत जुनीपेक्षा कुठे सरस आहे हे दाखवता आलं नाही, तर शेतकऱ्याने ती का घ्यावी?

ओळखण्याच्या मर्यादेबद्दल एक सावधगिरी. कोऱ्या (लोह न घातलेल्या) द्रावणाचे दहा वाचन घेऊन प्रमाण विचलन काढायचं, तिप्पट करायचं, मोजणीच्या आलेखाच्या उताराने भागायचं, हे सूत्र बरोबर आहे. पण एकाच क्युव्हेटचे सलग दहा वाचन घेतले तर तुम्ही यंत्राचा गोंगाट मोजताय, पद्धतीचा नाही. दहा वेगवेगळी कोरी द्रावणं, वेगवेगळ्या दिवशी केलेली, घ्या. मर्यादा पाचपट वाईट आली तरी येऊ द्या. विझणाऱ्या सेन्सरची मुळातली अडचण हीच, की भरपूर उजेडात झालेली थोडीशी घट शोधायची असते. अंधारात पेटलेली पणती लगेच दिसते, शंभर पणत्यांतली एक विझली तर ते लक्षात येत नाही.

माझ्या उमेदीच्या काळातला एक प्रसंग सांगते. विहिरींच्या पाण्यावर आम्ही अशाच एका सेन्सरची चाचणी घेत होतो. एका गावच्या नमुन्यांत चमक कोऱ्या द्रावणापेक्षाही जास्त येत होती. आठवडाभर मी त्यात नवं रसायन शोधत होते, विहिरीत नैसर्गिक काही चमकणारं आहे का ते पाहत होते. अखेर एका मावशींशी बोलताना कळलं, की नमुने पाठवायच्या आधी त्यांनी बाटल्या कपडे धुण्याच्या पावडरीने स्वच्छ घासून दिल्या होत्या. त्यांनी मायेनेच केलं होतं ते. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून त्या पावडरीत घातलेली द्रव्यं नेमकी ३६५ नॅनोमीटरला निळी चमकतात. तेव्हापासून कुठल्याही नमुन्यावर आधी काही न घालता टॉर्च मारायची सवय लागली. तुम्हीही तीच लावून घ्या. काळ्या मातीच्या अर्कात ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतली) द्रव्यं असतात, तीही निळसर-पिवळी चमकतात आणि अर्काचा चहासारखा रंग पडदाही बनतो.

त्याच काळात शिकलेली दुसरी गोष्ट: भर घालून केलेली चाचणी फसवी असते. नमुन्यात माहीत असलेलं लोह घालायचं, ९८ टक्के परत मिळालं की पद्धत पास. पण तुम्ही घातलेलं लोह ताजं, सुटं असतं. नमुन्यातलं मूळचं लोह कशाला तरी बांधलेलं असतं. भर घातलेलं सगळं सापडलं तरी मूळचं अजिबात सापडलेलं नसू शकतं. म्हणून पंचवीस-तीस खऱ्या शेतांच्या नमुन्यांवर ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनशी तुलना हाच पुरावा. आणि तिथेही दोन्ही आकड्यांमधला फरक मांडून बघा. आलेखावरची सरळ रेषा डोळ्याला समाधान देते, पण चूक झाकते.

व्हिटॅमिन सीबद्दल थोडक्यात, कारण तिथे सापळा उघड आहे. लोहाने डॉट्स विझवायचे, मग व्हिटॅमिन सी घालायचं, ते फेरिकचं फेरस करतं आणि चमक परत येते. तत्त्व बरोबर आहे. पण लोहाला डॉटपासून दूर ओढणारा कुठलाही पदार्थ हेच करील: सायट्रेट, फॉस्फेट, फ्लोराइड. लिंबाच्या रसात व्हिटॅमिन सीच्या जवळजवळ शंभरपट सायट्रिक ॲसिड असतं. आवळ्यात टॅनिन असतं, ते लोहाला धरून काळंनिळं होतं. मग चमक परत आली ती कुणामुळे? ॲस्कॉर्बेट ऑक्सिडेज हे विकर घालून आधी व्हिटॅमिन सी संपवा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. तरीही चमक परत आली, तर तुम्ही लिंबाचा आंबटपणा मोजत होता.

जस्ताचा रस्ता वेगळा आहे आणि मला तो जास्त आशादायक वाटतो. जस्ताच्या आयनाची डी-कक्षा पूर्ण भरलेली, तो रंगहीन, आणि सहसा चमक विझवत नाही. उलट योग्य रेणूला तो बांधला गेला की त्या रेणूतली ऊर्जेची गळती बंद होते आणि अंधारातून प्रकाश उगवतो. क्विनोलिन कुळातले असे रेणू जीवशास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून पेशींतलं जस्त पाहायला वापरत आले आहेत. मातीतली ०.६ ची मर्यादा अर्कात साधारण साडेचार मायक्रोमोलर होते. तिथे रंगाच्या पद्धतींना धाप लागू लागते आणि फ्लुओरेसन्सला खरं काम मिळतं. डीटीपीएची अडचण इथेही आहे, पकड लोहापेक्षा खूपच ढिली असली तरी. पण निदान सेन्सर तरी योग्य दिशेने बोलतो.

फोनवर वाचन घ्यायचं असेल तर दोन रंगांचं गुणोत्तर वापरा: एक रंग जो बदलतो, एक जो स्थिर राहतो. एकट्या निळ्याच्या तीव्रतेवर विसंबलात तर टॉर्चची बॅटरी उतरली तरी लोह वाढलेलं दिसेल. फोनचं स्वयंचलित एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स बंद करा, डबा आतून काळा करा.

आता केवड्याकडे परत येते, कारण सगळ्यात मोठी गोष्ट अजून सांगायची आहे.

समजा तुमचा मातीचा संच अगदी बिनचूक झाला. तरीही तो केवडा सांगेलच असं नाही. पिवळ्या पडलेल्या पानातलं एकूण लोह मोजलं तर ते पुष्कळदा हिरव्या पानाइतकंच, कधी जास्तही निघतं. चुनखडीच्या जमिनीतल्या द्राक्षात आणि पीचमध्ये हे वारंवार दिसलंय. लोह पानात पोहोचलेलं असतं, पण कामाच्या रूपात नसतं. १९८० मध्ये कत्याल आणि शर्मा या आपल्याच संशोधकांनी यावर तोडगा काढला. पान वाळवून जाळण्याऐवजी ताजं पान चिरून फेनॅन्थ्रोलिनमध्ये भिजत ठेवायचं आणि फक्त ‘सक्रिय’ म्हणजे मुख्यतः फेरस लोह मोजायचं. ते लोह केवड्याशी नीट जुळतं. मला ही कल्पना फार सुंदर वाटते, आणि तिच्यासाठी महागडं यंत्र लागत नाही.

तुमचे डॉट्स फेरिकला प्रतिसाद देतात. पिकाचा प्रश्न फेरसचा आहे, आणि तोही जिवंत पानातला. नॅनोसेन्सर खऱ्या अर्थाने कशासाठी हवेत ते इथे कळतं. जिथे नमुना काढून यंत्राकडे नेता येतो तिथे यंत्र जिंकणार. जिथे नमुना काढताच तो बदलतो, किंवा तासातासाला काय चाललंय ते बघायचं असतं, तिथे सेन्सरला पर्याय नाही. पान चिरताक्षणी फेरसचं फेरिक व्हायला सुरुवात होते.

पण पानात निळ्या डॉट्सचा पाड लागत नाही. हरितद्रव्य निळा प्रकाश गिळतं आणि स्वतः ६८० ते ७४० नॅनोमीटरला लाल चमकतं. म्हणून एमआयटीतल्या मायकेल स्ट्रॅनो यांच्या गटाने एकपदरी कार्बन नॅनोट्यूब निवडल्या. त्यांची चमक निकट-अवरक्त (लालच्या पलीकडच्या, डोळ्याला न दिसणाऱ्या) पट्ट्यात, ९०० नॅनोमीटरच्या पलीकडे येते हे २००२ मध्ये राइस विद्यापीठात सापडलं होतं. तिथे पान जवळजवळ पारदर्शक आणि गप्प असतं, आणि या नळ्या प्रकाशाने फिक्या पडत नाहीत. नळीभोवती पॉलिमरचं वेष्टन गुंडाळलं जातं, आणि कुठला रेणू ओळखला जाईल हे त्या वेष्टनाची घडी ठरवते. २०१६ मध्ये त्यांनी पालकाच्या पानांत दोन प्रकारच्या नळ्या सोडल्या, एक स्फोटक वर्गातल्या नायट्रो-संयुगांना प्रतिसाद देणारी आणि एक न बदलणारी, तुलनेसाठी. मुळांनी पाण्याबरोबर ते संयुग शोषलं की पहिलीची चमक घटायची. ते टिपायला रास्पबेरी पाय हा छोटा स्वस्त संगणक आणि एक साधा कॅमेराही पुरला. वर सांगितलेलं गुणोत्तराचं तत्त्व तिथेही तेच आहे, बघा.

त्यानंतर सिंगापूरमधल्या एमआयटीच्या संयुक्त केंद्रातून वनस्पतींसाठी असे सेन्सर येत राहिले. २०२३ मध्ये जिबरेलिनसाठी आला. नाशिकचा द्राक्षबागायतदार ज्याला ‘जीए’ म्हणून ओळखतो त्याच कुळातल्या संप्रेरकांसाठी. आणि २०२५ मध्ये लोहासाठी: फेरस आणि फेरिक जिवंत झाडात वेगवेगळे ओळखणारा, पालक आणि पाकचोई या चिनी पालेभाजीत तपासलेला. केवड्याचा अभ्यास करणाऱ्यासाठी ही खरी बातमी आहे. पण उसाकडे ते लगेच वळेल असं नाही. पालकाचं पान मऊ, खालच्या बाजूने बिनसुईच्या सिरिंजने द्रावण आत ढकलता येतं. उसाचं पान चिवट, मेणचट. शिवाय ऊस गवताच्या कुळातला. पालकाची मुळं फेरिकचं फेरस करून लोह घेतात, तर ऊस स्वतः लोह धरणारी आम्लं मुळांतून सोडून फेरिक ओढतो. म्हणजे कुठे, कधी आणि कुठलं लोह बघायचं हा प्रश्न उसासाठी नव्याने विचारावा लागेल. निकट-अवरक्त कॅमेऱ्याचा खर्च हा आणखी वेगळा मुद्दा.

तुमच्या हातात एक वर्ष आहे असं धरून सांगते. पहिले दोन महिने डायलिसिस, बफर, शोषण आणि अरुंद क्युव्हेट यांत घालवा. चमक का विझते याचं उत्तर पक्कं करा. मग घरच्या शेतातल्या दहा जागा निवडा, पाच जिथे केवडा पडतो आणि पाच जिथे पडत नाही. प्रत्येक ठिकाणची माती डीटीपीएने काढून जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेतून लोह मोजून घ्या, आणि त्याच ठिकाणची ताजी पानं फेनॅन्थ्रोलिनमध्ये भिजवून सक्रिय लोह तुम्ही स्वतः मोजा. पानं घेताना सगळीकडे वरून तेच, पूर्ण उमललेलं तिसरं पान घ्या, सकाळी ठरावीक वेळेला, आणि बर्फावर ठेवून आणा. त्यानंतर डॉट्स या अर्कांत टाका. माझा अंदाज, डीटीपीएच्या अर्कात ते गप्प बसतील. ते गप्प का बसले हे आकड्यांनी दाखवलंत, तर तो प्रबंध मी आनंदाने वाचेन. चार वेगळ्या वनस्पतींच्या पानांपासून डॉट्स करून तोच आलेख काढलेल्या प्रबंधापेक्षा तो मला कितीतरी मोलाचा वाटेल.

आणि माती गाळून झाली की डॉट्सची बाटली उघडण्याआधी नुसत्या अर्कावर टॉर्च मारून एक फोटो काढून ठेवा, प्रत्येक जागेचा.